मे महिन्यात कॅराव्हॅन: म्हापशाहून की लिस्बनहून?

पत्र थोडक्यात असं: गोव्यात, बार्देशातल्या एका ताईंच्या घरी मे महिन्याच्या सुट्टीवरून दिवाळीपासून वाद चाललाय. यजमान बँकेत, त्या स्वतः शिक्षिका, मुलगी सोळाची, मुलगा दहाचा, सासूबाई बहात्तरच्या. यजमानांच्या डोक्यात कॅराव्हॅन, म्हणजे आतच झोपायची-रांधायची सोय असलेली गाडी, बसलीय आणि त्यांनी दोन कोटेशनं आणलीत. पहिलं इथलं: ड्रायव्हरसकट दिवसाला १३,००० रुपये, त्यात रोज २०० किलोमीटरपर्यंतचं डिझेल, आठ दिवस गोवा-कोकण-कारवार. दुसरं पोर्तुगालचं: पाच जणांची गाडी दिवसाला ११० युरो, चालवायची आपणच, विमानाचं तिकीट माणशी ७०,००० च्या घरात. साठवलेले पाच लाख आहेत, कमी पडले तर छोटं कर्ज काढू म्हणतात. मधूनच तिसरी टूम निघते, जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन तिचीच कॅराव्हॅन करायची. ताई विचारतात, 'घरची सहल स्वस्त आणि सोयीची, हा साधा हिशेब यांना कसा पटवू? की मीच घरातली हौस मारणारी बाई आहे?' लिस्बनला त्यांची नणंद राहते, तिला ऑगस्टमध्ये मुलगी झाली आणि सासूबाईंनी नात अजून फोनवरच बघितलीय, हे त्यांनी पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंय.

ताई,

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते: नाही. पाच लाख साठवायला घरात कुणी किती महिने काटकसर केली असेल याचा मला अंदाज आहे. ते खर्च करताना प्रश्न विचारणं म्हणजे हौस मारणं नव्हे. पण तुमच्या पहिल्या प्रश्नातला 'साधा हिशेब' मात्र तितका साधा नाही. मी कागदावर मांडून बघितला तर तो तुमच्याही बाजूने पडला नाही आणि यजमानांच्याही.

इथली कॅराव्हॅन घ्या. आठ दिवसांचे १,०४,००० रुपये. ड्रायव्हरचा भत्ता दिवसाला हजार धरला तर ८,०००. आता रात्री गाडी उभी कुठे करणार? रस्त्याकडेला वृद्ध बाई आणि दोन मुलं घेऊन तुम्ही झोपणार नाही. म्हणजे एखाद्या रिसॉर्टचं किंवा फार्मचं आवार, विजेचं कनेक्शन, टाकीत भरायला पाणी आणि संडासाची टाकी रिकामी करायला जागा. रात्रीचे २,००० धरले तर सात रात्रींचे १४,०००. झाले १,२६,०००, जेवण वेगळं.

याच सात रात्री तुम्ही आपल्या गाडीने वेंगुर्ले, मालवण, गोकर्ण असं फिरलात, होमस्टेच्या दोन खोल्या २,५०० प्रमाणे घेतल्यात, तर ३५,००० आणि हजार किलोमीटरचं पेट्रोल सहा-सात हजार. बेचाळीस हजारांत काम होतं. आपल्याकडे कॅराव्हॅन घेतल्याने मुक्कामाचा खर्च वाचत नाही, सहल तिप्पट महाग होते, कारण तिची स्पर्धा आहे कोकणातल्या स्वस्त, घरच्या जेवणाच्या होमस्टेशी.

पोर्तुगालला गणित उलटं फिरतं. युरो शंभर रुपयांचा धरते, म्हणजे तोंडी हिशेब सोपा. आठ दिवसांचं गाडीभाडं ८८० युरो, हजार किलोमीटरचं डिझेल साधारण १६०, सात रात्री वीजजोडणीच्या कॅम्पसाइटवर ३५ प्रमाणे २४५. एकूण १,२८५ युरो, म्हणजे १,२८,५०० रुपये. बघितलंत? जमिनीवरचा खर्च इथल्याएवढाच. आणि तिथे तिची तुलना हॉटेलशी होते: ८० युरोच्या दोन खोल्या सात रात्री, त्यात भाड्याची मोटार आणि इंधन, की दीड हजार युरोंच्या वर आकडा जातो. तिथे कॅराव्हॅन खरंच पंचवीसेक हजार वाचवते.

मग महाग काय आहे? विमान. पाच तिकिटांचे साडेतीन लाख. शेंगेन व्हिसाची, म्हणजे पोर्तुगालसकट युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसाची, फी मोठ्या माणसाला ९० युरो आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ४५, म्हणजे तुमच्या घराचे ४०५ युरो. त्यावर सेवाशुल्क आणि ३०,००० युरो संरक्षणाचा सक्तीचा प्रवास विमा मिळवून पन्नासेक हजार बाजूला ठेवा. तर घराबाहेर पाऊल टाकायचेच चार लाख. पोर्तुगालला जायचं की नाही आणि कॅराव्हॅन घ्यायची की नाही, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि तुमच्या घरी ते एकाच वेळी भांडले जातायत.

आता हवामान. सगळा वाद मे महिन्याभोवती फिरतो, पण मे म्हणजे काय हे कुणी बोललेलं दिसत नाही. आपल्या मेमध्ये दिवसाचं तापमान ३३-३४, हे आकडे ऐकून कुणी घाबरत नाही. त्रास रात्रीचा असतो. पारा २६-२७ च्या खाली उतरत नाही, हवा ओलीचिंब, पंख्याखाली झोपूनही उशी भिजते. दिवसभर उन्हात तापलेल्या पत्र्याच्या डब्यात पाच माणसं झोपवायची तर एसी हवाच. गाडीतली १२ व्होल्टची २०० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे कागदावर २.४ युनिट वीज. साधी लेड-अ‍ॅसिड असेल तर त्यातली निम्मीच वापरावी, नाहीतर बॅटरी लवकर मरते. छतावरचा एसी तासाला एक युनिटच्या आसपास खातो. म्हणजे जेवून आडवं व्हावं तोवर बॅटरी संपलेली. जनरेटर लावला तर आवाजाने तुम्हीही झोपणार नाही आणि शेजारचा गावही. उरतं रिसॉर्टचं कनेक्शन. म्हणजे एसी खोल्या असलेल्या इमारतीच्या अंगणात, त्याच इमारतीची वीज घेऊन, पत्र्याच्या डब्यात झोपायचं. यजमानांना एवढं एकच वाक्य वाचून दाखवा.

त्यात मेच्या उत्तरार्धात वळवाचा भरवसा नाही. २०२५ मध्ये मोसमी पाऊस केरळात २४ मेलाच पोचला आणि एक-दोन दिवसांत आपल्या दारात आला. कॅराव्हॅनमध्ये पाऊस अडकला की पाच ओले टॉवेल कुठे वाळत घालायचे हा प्रश्न इतर सगळ्या प्रश्नांना मागे टाकतो.

पोर्तुगालचा मे याच्या उलट. लिस्बनला दिवसा २२-२३, रात्री १३-१४, सूर्य मावळतो पावणेनऊच्या सुमारास. अशा रात्री एसी लागत नाही, खिडकी थोडी उघडी आणि एक दुलई पुरते. पाऊस मुख्यतः ऑक्टोबर ते मार्च. आपल्याकडे एकट्या जुलैत जितका पडतो, त्याहून लिस्बनचा अख्ख्या वर्षाचा कमी. मात्र कॅराव्हॅनच्या व्हिडिओत न दिसणाऱ्या गोष्टीही सांगायला हव्यात. तिथला समुद्र अटलांटिक आहे, मेमध्ये पाय घातला की कळ जाते, मुलं बागा-कळंगुटसारखी तासन् तास डुंबणार नाहीत. दुपारी किनाऱ्यावर वारा झोडपतो. आणि 'जुलैत जाऊ, तिकीट बघू' असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. आतला आलेंतेजु प्रांत उन्हाळ्यात चाळिशी गाठतो आणि वणवे लागतात. २०१७ च्या जूनमध्ये पेद्रोगांव ग्रांदच्या वणव्यात साठाहून जास्त माणसं गेली, त्यातली बरीच गाडीतून पळताना रस्त्यावरच. परक्या मुलखात सात मीटरची गाडी वळवायला वेळ लागतो.

म्हणून माझं मत असं की कॅराव्हॅनची किंमत दिवसाच्या भाड्यात बघू नये, रात्रीच्या तापमानात बघावी. जिथे एसीशिवाय झोप लागते तिथे आणि त्या महिन्यात ती परवडते. आपल्याकडे असे महिने आहेत, पण ते डिसेंबर ते फेब्रुवारी. पणजीत जानेवारीत रात्रीचं तापमान वीसपर्यंत उतरतं, आंबोली किंवा बेळगावला त्याहून बरंच खाली. तुमच्यासारखा प्रश्न पडलेल्या इतर वाचकांनीही, परदेश म्हणजे न्यूझीलंड असो वा आणखी कुठे, हेच बघावं. न्यूझीलंडचा उन्हाळा डिसेंबर-जानेवारीत येतो, म्हणजे ज्या आठवड्यांत आपल्या घरची हवा उत्तम, तेव्हाच तिथला हंगाम आणि तिथलं सगळ्यात चढं भाडं. आपण उकाड्याला कंटाळून मेमध्ये पोचावं तर दक्षिण बेटावर रात्री गोठवणाऱ्या थंडीची सुरुवात झालेली असते. आणि पाऊस चुकवायला तिकडे जात असाल तर मिलफर्ड साउंडला वर्षाला आपल्या आंबोलीच्या तोडीचा पाऊस पडतो, सात हजार मिलिमीटरच्या आसपास.

तिसऱ्या टुमेबद्दल फार वेळ घालवत नाही. प्रवासी म्हणून नोंदलेल्या ट्रॅव्हलरच्या सीट काढून आत पलंग-ओटा बसवणं हा गाडीच्या रचनेतला बदल आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे त्याला आरटीओची मंजुरी लागते, आणि ती नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करू शकते. मंजुरी मिळवलीत तरी जून ते सप्टेंबर ती उभी कुठे राहणार? आपल्या पावसाळ्यात बंद गाडीतल्या प्लायवूडला बुरशी धरते, गाद्यांना वास येतो. वर्षातले आठ दिवस वापरायला बारा महिने सांभाळायचं जनावर कशाला बांधायचं दारात?

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं: 'घरचंच स्वयंपाकघर चाकांवर येणार आणि ओट्यापाशी मीच उभी राहणार.' ही भीती खरी आहे, आणि ती तुम्ही 'खर्च' या शब्दाआड लपवलीत असं मला वाटतं. पैशांच्या वादात यजमान आकड्यांनी उत्तर देतील, तुम्ही हराल किंवा जिंकाल, पण बांगडे कोण तळणार हे ठरणारच नाही. (कॅराव्हॅनमध्ये बांगडे तळू नका, कुणीच. वास तीन दिवस गादीतून जात नाही, आणि बंद गाडीत गॅस चालवताना हवेची झडप उघडी ठेवणं हा जिवाचा प्रश्न असतो.) तेव्हा मोकळेपणाने सांगा: सकाळचा चहा-पाव गाडीत, तोही मुलगी आणि तिचे बाबा करतील, आणि एक वेळचं जेवण बाहेर. पाणी भरणं, सांडपाण्याची टाकी ओतणं आणि संडासाची कॅसेट, म्हणजे त्याखालची बाहेर काढता येणारी टाकी, धुणं हे काम रोजचं असतं, व्हिडिओत ते कुणी दाखवत नाही. ते कुणाचं, हे निघण्याआधी ठरू दे. हौस ज्याची, कॅसेट त्याची, हा न्याय मला पटतो.

आणि सासूबाई. तुम्ही, यजमान, मुलं, सगळ्यांची मतं पत्रात आहेत, त्यांचं नाही. बहात्तरीच्या बाईला रात्री दोनदा उठावं लागतं. कॅराव्हॅनच्या पायऱ्या उंच, संडास कपाटाएवढा, आणि त्यांच्या अंगावरून चालत गेल्याशिवाय कुणाला दाराशी जाता येत नाही. त्यांना लिस्बनला जायचं असेल तर ते नात मांडीवर घ्यायला, गाडीत झोपायला नव्हे. पण हाही माझा तर्क झाला. त्यांनाच विचारा, आणि यजमान समोर नसताना विचारा, कारण लेकाच्या हौसेपुढे आई 'मला काय, चालेल' असंच म्हणते.

मी तुमच्या जागी असते तर मेमधली इथली कॅराव्हॅन पूर्ण रद्द केली असती. तिचा अ‍ॅडव्हान्स भरला नसेल तर भरू नका. त्याऐवजी जानेवारीत, नाताळ-नवीन वर्षाची गर्दी ओसरल्यावर, तीच गाडी दोन दिवस एक रात्र घ्या. भाडं २६,०००, भत्ता २,०००, रात्रीच्या जागेचे २,०००. तीस हजारांत सगळ्यांची परीक्षा होऊन जाईल. जायचं आंबोलीला. सावंतवाडीवरून घाट चढला की पोचलात, किलोमीटरची मर्यादाही ओलांडली जाणार नाही. गोव्याच्या किनाऱ्यावर मुक्काम करायचा मोह टाळा. इथे समुद्रकिनाऱ्यावर उघड्यावर स्वयंपाक करणं आणि वाळूत गाडी घालणं दोन्हीला दंड आहे. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग हे किनारे तर कासवांच्या विणीचे. हिवाळ्यातच ती अंडी घालायला येतात, गाडीच्या दिव्यांनी बिथरतात. शिवाय आपले गावातले रस्ते, लोंबत्या विजेच्या तारा आणि आंब्याच्या फांद्या तीन मीटर उंच गाडीसाठी केलेल्या नाहीत. माडाखाली मात्र कुठेच उभी करू नका, छताचा एसी नारळापुढे टिकत नाही.

त्या एका रात्रीनंतर मेचं ठरवा. लिस्बनला पाचही जण गेलात, नणंदेकडे राहिलात आणि त्यातून फक्त चार दिवस, तीन रात्री तुम्ही चौघांनी कॅराव्हॅन घेतलीत, सासूबाई नातीपाशी, तर गाडीचे ४४०, डिझेल ७० आणि कॅम्पसाइटचे १०५, मिळून ६१५ युरो. चार लाखांत हे मिळवा, जानेवारीचे तीस हजार धरा, की चार लाख बाण्णव हजारांच्या आसपास थांबता. तिकडचं खाणंपिणं पगारातून. हिशेब ताणून बसतो, पण कर्ज लागत नाही. मुळात अनेक कंपन्या तीन ते पाच दिवसांपेक्षा कमी भाड्याने देतच नाहीत, तेव्हा चार दिवस ही मधली बेरीज आहे. जानेवारीत मुलांनी नाकं मुरडली किंवा तुमची पाठ धरली, तर गाडी वगळा आणि तेच साठ हजार रेल्वेने पोर्तो शहरापर्यंत जाऊन यायला, दोन दिवस हॉटेलात राहायला वापरा.

आणि सगळ्यांनी जायचं जमलंच नाही, तर सासूबाईंबरोबर एकाने जावं. ती व्यक्ती लेकच असायला हवी असं गृहीत धरू नका. शिक्षिकेलाही मेमध्ये सुट्टी असते.

हो म्हणण्याआधी दोन्हीकडच्या गाडीवाल्यांना काही गोष्टी लेखी विचारा. पलंग किती यापेक्षा बेल्टच्या सीट किती, कारण पाच झोपायच्या गाडीत कधी कधी चारच जणांना कायदेशीर बसता येतं. इथे विचारा: ड्रायव्हर रात्री कुठे झोपणार, एसी कशावर चालतो, २०० किलोमीटरवर किलोमीटरमागे किती, आणि भाड्यावर चालवायचा परवाना आहे का. तिथे विचारा: डिपॉझिट किती. क्रेडिट कार्डावर हजार-दोन हजार युरो अडकवून ठेवणं हे नेहमीचं आहे आणि कार्डाची मर्यादा त्याहून कमी असेल तर विमानतळावरून गाडी मिळत नाही. गाडीचं एकूण वजन ३,५०० किलोच्या आत आहे ना, हेही बघा, त्यावर साधं मोटारीचं लायसन्स चालत नाही. पोर्तुगालमध्ये २०२१ पासून संरक्षित निसर्गक्षेत्रात परवानगीच्या जागा सोडून रात्री मुक्काम करता येत नाही, आणि इतरत्रही एका नगरपालिकेच्या हद्दीत असा मुक्काम ४८ तासांपर्यंतच, म्हणून 'कुठेही थांबू' हे वाक्य यादीतून काढा.

यजमानांनी आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परवाना आरटीओतून काढावा, तो वर्षभर चालतो. तिथे उजवीकडून चालवायचं आहे आणि गोल चौकात घड्याळाच्या उलट फिरायचं आहे, तेव्हा पहिल्या दिवशी शंभर किलोमीटरच्या आतच थांबा आणि लिस्बन शहरात ती गाडी घालूच नका. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मेची गर्दी बघता नणंदेचं निमंत्रणपत्र आणि कॅम्पसाइटची बुकिंगं हाताशी घेऊन फेब्रुवारीतच अपॉइंटमेंट घ्या. आणि मुलाची उंची मोजून ठेवा: पोर्तुगालमध्ये बारा वर्षांखालच्या मुलाची उंची १३५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर त्याला वेगळी सीट लागते, ती भाड्यात धरलीय का ते बुकिंगच्या वेळीच ठरवून घ्या.